एका जुन्या पोथीतील देवाचे राज्य

सन १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथील एका मठाच्या ग्रंथसंग्रहात फिलोथिओस ब्रायेनियोस या ग्रीक धर्मपंडिताला एक हस्तलिखित आढळले. १०५६ साली नकलून काढलेल्या या पोथीत ‘बारा प्रेषितांची शिकवण’ ही छोटी पुस्तिका होती. प्राचीन लेखकांनी तिचा उल्लेख केला होता. परंतु ती नष्ट झाली असेच विद्वान समजत असत. १८८३ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींच्या जीवनावर अनपेक्षित प्रकाश पडला. ही रचना पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

पुस्तिकेचा प्रारंभ जीवनाचा मार्ग व मरणाचा मार्ग यांच्या वर्णनाने होतो. गरजवंताला विन्मुख पाठवू नये, आपल्याजवळचे ते केवळ आपलेच असे म्हणू नये, असे ती बजावते. फिरता उपदेशक तीन दिवस मुक्काम ठोकील किंवा पैसे मागेल तर तो खोटा समजावा. स्थायिक होऊ पाहणाऱ्या कारागिराने कष्ट करून खावे. भोजनसमयीच्या प्रार्थनेत एक हृद्य कल्पना आहे. डोंगरांवर विखुरलेले धान्य एकत्र येऊन जशी भाकर झाली, तशी देवाची मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून त्याच्या राज्यात एकत्र यावी, अशी ती याचना आहे.

याच प्रार्थनेत येशूसाठी ‘सेवक’ आणि ‘बालक’ असे दोन्ही अर्थ असलेला ग्रीक शब्द येतो. यावरून ही मंडळी त्याला केवळ सदाचाराचा शिक्षक मानीत होती, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे होईल. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने द्यावयाचा बाप्तिस्मा याच पुस्तिकेत आहे आणि प्रभूच्या पुनरागमनाची आतुर प्रतीक्षाही आहे.

‘राज्य’ या शब्दाचा मूळ अर्थही येथे ध्यानात घ्यावयास हवा. येशूच्या अरामी भाषेतील शब्द भूप्रदेशापेक्षा सत्ता चालविण्याची क्रिया अधिक सुचवितो. ज्या काळी रोमन नाण्यांवर तिबेरियस सम्राटाला दिव्य ऑगस्टसचा पुत्र म्हणत, त्या काळी देवाची सत्ता जवळ आली आहे असे सांगणे धाडसाचे होते. योहानेस वाइस यांनी १८९२ मध्ये आणि आल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०६ मध्ये या घोषणेतील निकडीकडे लक्ष वेधले. आपल्या काळाला रुचेल असा सौम्य नीतिशिक्षक येशूच्या जागी बसविणे किती सोपे असते, हे श्वाइट्झर यांनी दाखवून दिले. पुढे १९३५ मध्ये सी. एच. डॉड यांनी, ते राज्य येशूच्या कार्यात अवतरलेच होते, अशी मांडणी केली. ते सुरू झाले, परंतु पूर्णत्वास गेले नाही, असे आज अनेक अभ्यासक म्हणतात.

चौथ्या शतकात मात्र चित्र पालटले. ३२५ मध्ये कॉन्स्टंटाइन सम्राटाने धर्माध्यक्षांना मेजवानी दिली. शस्त्रधारी पहारेकऱ्यांमधून ते निर्भयपणे राजमहालात गेले. हे पाहून इतिहासकार युसेबियसला ख्रिस्ताच्या राज्याचेच चित्र दिसल्याचा भास झाला. छळ सोसलेल्या माणसांचा तो आनंद समजण्यासारखा आहे. तथापि डोंगरांवरच्या धान्याची भाकर आणि सम्राटाचे ताट यांतील अंतर डोळ्यांआड करता येत नाही.

ते अंतर महाराष्ट्रातही एका कवीला जाणवले होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. दोनच वर्षांत त्यांचे निधन झाले. ‘तुझे राज्य येवो’ ही विनवणी आजही असंख्य मुखांतून रोज होते. ती करणाऱ्याच्या दारी आलेला गरजवंत विन्मुख जातो की नाही, हाच त्या जुन्या पुस्तिकेचा प्रश्न आहे.