पोस्टाचा नवा रंग आणि आपली दुकानदारी

पोस्टाची लाल पेटी सर्वांच्या ओळखीची. पण ओळख असूनही धंदा हातातून निसटतो, हे टपाल खात्याने अनुभवले. 1986 साली स्पीड पोस्ट सुरू झाली. तरी कुरियरवाले दुकानाच्या पायरीवर येऊन माल उचलू लागले आणि व्यापारी गिऱ्हाईक तिकडे वळले. पुढे फोन आणि ई-मेलमुळे पत्रेही घटली.

सप्टेंबर 2008 मध्ये खात्याने नवे बोधचिन्ह आणले. लिफाफा आणि उडत्या पक्ष्याचे पंख यांचा त्यात मेळ आहे. रंग लाल आणि पिवळा. यातली हुशारी व्यापारी बंधूंनी ध्यानात घ्यावी. लाल म्हणजे पोस्ट, हे लोकांच्या मनात पक्के बसले होते. ती कमाई फेकली नाही. पिवळ्याची जोड देऊन चेहरा ताजा केला.

नुसत्या रंगावरही खाते थांबले नाही. त्याच वर्षी ‘प्रोजेक्ट ॲरो’ सुरू झाला. त्यात कचेऱ्यांचे रूप पालटायचे होते, तसेच टपाल वाटप, मनिऑर्डर, बचत खाते ही मूळ कामेही सुधारायची होती. मंजिष्ठेचा लाल रंग तुरटीशिवाय सुतावर टिकत नाही, हे रंगारी जाणतात. पाटीच्या रंगालाही कामाची तुरटी लागते.

आपल्याकडे काय चालते? कारागीर रात्र जागून माल तयार करतो आणि शिक्का दुसऱ्याचा लागतो. गिऱ्हाईक शिक्का ओळखते, कारागिराला नाही. म्हणून लहान असलो तरी आपले नाव आणि आपला रंग ठरवावा. पाटी, पिशवी, बिल, खोका, सर्वांवर तोच असावा. दर ईदला तो बदलू नये. वडिलांच्या काळची पाटी नवी करताना जुन्या रंगातले काही तरी राखावे. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात रंगांची जुळणीही चिन्ह म्हणून धरली जाते. नाव चालू लागले की नोंदणीचा खर्च टाळू नये.

मात्र रंगाचा डबा उघडण्याआधी गज तपासा, वायद्याची तारीख पाळा, मालातला ऐब झाकू नका. अमानतदारी ही आपल्या तिजारतीची जुनी साख आहे. ती सांभाळली तर त्याच रंगाची पिशवी पाहून गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याच पायरीवर येईल.