बॉनेटखालची हलती तार

मोटारीच्या यंत्राविषयी कलाशाखेच्या विद्यार्थिनीने लिहावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. वाटो. आमच्या घरी १९९३ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी या नावाने जी गाडी तयार होत असे, तिचेच हे पुढचे नाव. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ती २०२३ साली निवृत्त झाली. आमच्याकडे मात्र तिला अजून रजा नाही. आठवड्यातून दोनदा आजीला डायलिसिससाठी वाईहून साताऱ्याला न्यावे लागते. एस.टी.च्या पायऱ्या तिला चढवत नाहीत, आणि दर खेपेला भाड्याची गाडी आप्पांच्या पेन्शनला पेलत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर ही गाडी गतिरोधकावर आदळली की बंद पडू लागली. पाच-दहा मिनिटांनी, कधी बॉनेट नुसते आपटल्यावर, पुन्हा सुरू. एका गॅरेजात नवी बॅटरी बसवली, साडेचार हजार गेले. दुसऱ्या गॅरेजात प्लग बदलले. तिसऱ्याने गाडी भंगारात काढण्याचा सल्ला दिला, तोही फुकट! एकदा तर मागून ट्रक येत असताना भर रस्त्यात इंजिन गेले. आजी मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. त्या दिवशी घरी आल्यावर मी बॉनेट उघडले.

प्रथम लक्षणांचा विचार केला. पेट्रोल कमी पडले तर इंजिन धापा टाकत, अडखळत थांबते. आमचे एकदम थांबत होते, दिवा मालवावा तसे. म्हणजे दोष विजेचा. परंतु बंद पडल्यावरही हॉर्न वाजत होता आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागलेला असे. बॅटरीचे टर्मिनल सुटते तर हे दोन्हीही गेले असते. तेव्हा नव्या बॅटरीचा खर्च व्यर्थ होता, हे बसल्या जागी कळले. उरली ती स्विचपासून इग्निशन कॉईलकडे आणि तेथून डेल्कोकडे जाणारी वाट.

येथे सैल जोड म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. तारेच्या टोकाला पितळेची थिंबल असते, ती कॉईलच्या पात्यावर घट्ट बसते. वर्षानुवर्षांच्या थरथरीने आणि उष्णतेने तिची पकड ढिली होते. मग धातू धातूला जेमतेम टेकतो आणि तेवढ्याच जागेतून वीज जाते. कॉईलचा प्रवाह सुमारे ४ अँपिअर. जोडात अर्ध्या ओहमचा अडथळा आला तरी १२ पैकी २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, आणि ८ वॅट उष्णता त्या एवढ्याशा पितळेत साठते. पितळ तापते, काळे पडते, आणखी सैल होते. दुखणे आपले आपणच वाढवते. सेल्फला तर दीडशे अँपिअरच्या आसपास लागतात, तेथे ओहमचा शंभरावा भागही दीड व्होल्ट खातो. म्हणूनच बॅटरीचे टर्मिनल सैल असले की दिवे लागतात, पण सेल्फ फिरत नाही आणि लोक बॅटरीला दोष देतात.

आता शोध. आप्पा स्टिअरिंगवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन मंद चालू. मी ओढणी काढून ठेवली, कारण समोर पंखा फिरत असतो. बोटातली अंगठीही काढली. आईच्या पोळपाटाजवळचे लाटणे घेतले (आईला नंतर सांगितले) आणि त्याच्या टोकाने एकेक तार हलकेच ढकलू लागले. कॉईलमधून डेल्कोकडे जाणाऱ्या जाड तारेच्या वाटेला गेले नाही, तिच्यात हजारो व्होल्ट असतात. बॅटरीची टोके हलवली, काही नाही. फ्यूजपेटीच्या तारा, काही नाही. स्विचकडून कॉईलवर येणारी तार ढकलली मात्र, इंजिनने एक आचका दिला आणि ते थांबले.

खात्री हवी होती. एका बल्बला दोन तारा जोडून एक गाडीच्या पत्र्याला धरली, स्विच चालू केला आणि दुसरी थिंबलच्या मागच्या तारेच्या टोकावर टेकवली: बल्ब स्थिर. मग कॉईलच्या पात्यावर टेकवली आणि थिंबल हलवली: बल्ब मिणमिणला, विझला, पुन्हा लागला. तार निर्दोष, जोडच वाईट. (इंजिन बंद असताना स्विच फार वेळ चालू ठेवू नये, कॉईल तापते.)

वरची रबरी टोपी सरकवली तेव्हा थिंबलचे ओठ फाकलेले दिसले, पाते तपकिरी झालेले. ती टोपी व्यवस्थित बसलेली असल्यामुळे कुणालाच आतले दिसले नव्हते. बॅटरीची ऋण तार काढून पाते पॉलिश पेपरने घासले, थिंबल पक्कडीने हलकेच दाबली. हा इलाज तात्पुरता. दाबलेले पितळ पुन्हा फाकते. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनकडून नवी थिंबल दाबून घेतली. पन्नास रुपयेही लागले नाहीत. शेजारची तारही किंचित हलत होती, तिचीही बदलली.

गुरुवारी साताऱ्याला निघालो. पाचवडच्या अलीकडे गतिरोधक आला तसा आजीने पुढच्या सीटची कड घट्ट धरली. गाडी आदळली आणि तशीच पुढे गेली. थोड्या वेळाने आजीने हात सोडला आणि पिशवीतून संत्रे काढून सोलायला घेतले.