परमिट रूमच्या काउंटरमागे

अमरावती-अकोल्याच्या साध्या परमिट रूममध्ये कॉकटेल कुणी क्वचितच मागतं. इथल्या काउंटरवाल्याचं कसब दिसतं ते मापात, हिशेबात आणि वेळेवर नाही म्हणण्यात.

बार उघडला की आधी शिल्लक तपासायची. सीलबंद बाटल्या पटकन मोजून होतात. वेळ जातो तो फोडलेल्या बाटल्यांत किती उरलं हे पाहण्यात. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा निरीक्षक तपासणीला आला, तर नोंदवही आणि फळीवरचा माल जुळायलाच हवा. 750 मिलीच्या खंब्यातून 30 मिलीचे बरोबर 25 पेग निघतात. प्रत्येक पेगला थोडंथोडं जास्त पडत गेलं, की पंचविसावा भरत नाही.

म्हणून ओतायची रीत पाहण्यासारखी असते. वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं माप गिऱ्हाइकाला दिसेल असं धरायचं, धार बारीक सोडायची, काठोकाठ भरलं की थांबायचं. मग ग्लासात उपडं करून शेवटचा थेंब निथळेपर्यंत हात हलवायचा नाही. क्वार्टर मागितली, तर 180 मिलीच्या बाटलीचं सील टेबलावर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तोडायचं. भेसळीची शंका तिथेच मिटते.

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा सगळी मदार फ्रिजवर. नवा माल मागे, आधीचा पुढे. घाईनं फ्रीझरमध्ये ठेवलेली बिअर विसरली, तर गोठून बाटली तडकते.

सगळ्यात अवघड काम नकाराचं. महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 लागतं, व्हिस्की-रमसाठी 25. कोवळा चेहरा दिसला की ओळखपत्र मागायचं, मग तो ओळखीतल्या कुणाचा मुलगा का असेना. गाडी चालवणाऱ्याच्या 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं, तर तो गुन्हा ठरतो. दारूबंदी असलेला वर्धा जिल्हा अमरावतीला लागूनच आहे. तिकडून आलेल्याला रात्री परतही जायचं असतं. जीभ जड झालेली दिसली की जाणता काउंटरवाला आवाज चढवत नाही. ‘‘भाऊ, आधी जेवून घ्या, मंग पाहू,’’ म्हणतो, पाण्याची बाटली पुढे सरकवतो आणि वेटरला ऑटो बोलवायला पाठवतो. अशा वेळी मालकानं त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं. दोन पेगचा धंदा बुडाला म्हणून बोलणी खावी लागली, तर पुढच्या वेळी तो गप्प बसून ओतत राहील.