मातीचे शिपाई आणि इतिहासाची फळी

लष्करी पुतळ्यांचा संग्रह हा रिकामटेकड्या श्रीमंतांचा छंद, असा आपल्यात समज आहे. राजुऱ्यात राहून मी हा संग्रह करतो तो एका प्रश्नापायी. कोणत्या शिपायाचा पुतळा घडतो आणि कोणाचा घडत नाही?

युरोपात कथलाचे चपटे शिपाई अठराव्या शतकात न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी लोकप्रिय केले. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने शिशाचे पोकळ शिपाई ओतले. धातू कमी लागला, किंमत उतरली. त्यांची ५४ मिलिमीटर उंची पुढे संग्राहकांचे प्रमाण ठरली. नेमक्या त्याच सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. खेळण्यातला शिपाई घरोघरी पोचला; खऱ्या शिपायाच्या मुलाला मात्र पलटणीचे दार मिटले. १९१७मध्ये युद्धाच्या गरजेपोटी महारांची पलटण उभारली, युद्ध सरताच मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली.

आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे बसतात. त्यांत महार शिपाई मला कधी आढळला नाही. म्हणून साधा मातीचा शिपाई घेऊन मी त्याला लाल डगला रंगवतो, हाती संगीन लावलेली बंदूक देतो. संग्राहकाचे खरे काम इथे सुरू होते. गणवेश, शस्त्र, पलटण आणि साल यांचा मेळ बसला पाहिजे. नाहीतर ते नुसते खेळणे. बैठकीवर मी लिहितो : कोरेगाव, १ जानेवारी १८१८. तेथील स्तंभावर 'नाक' प्रत्ययाची २२ नावे कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले होते.

'ही तर कंपनीची चाकरी!' असा आक्षेप येतो. तो टाळू नये. माझ्या फळीवर या शिपायासमोरच बाबुराव शेडमाके उभे आहेत. वर्धा नदीपलीकडच्या चांद्यात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी त्यांना फाशी दिले. एक कंपनीच्या बाजूने लढला, दुसरा कंपनीविरुद्ध. एकाला गावाने माणूस मानले नाही म्हणून तो पलटणीत गेला. दुसऱ्याच्या मुलखावरच कंपनीचे राज्य चालून आले. दोघांपैकी एकाला उचलून ठेवले, तर फळी नीटनेटकी दिसेल, पण इतिहास खोटा होईल.

शिक्षकमित्रांनी वर्गात मातीचे दोन शिपाई करवून घ्यावेत. रंग देण्याआधी मुलांना एवढेच विचारावे : हा कोण, कोणासाठी लढला, आणि त्याला दुसरी वाट होती काय?