न्हाणीघरातलं विज्ञान – भाग ६ : शिकेकाईचं पाणी

मागच्या भागात तेलाविषयी लिहिलं आणि आठवडाभर एकाच तऱ्हेचे प्रश्न येत राहिले. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका वाचक ताईंनी कळवलं, की शांपू बंद करून महिना झाला, शिकेकाई लावते आहे, पण केस धुतल्यावरही चिकट लागतात, भांगात भुकटी दिसते, विंचरताना गुंता सुटता सुटत नाही. आजीच्या केसांना हे कसं मानवायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, आजी भुकटी चोपडत नव्हती. ती शिकेकाईचं पाणी करायची. सगळा फरक तिथे आहे.

आमच्या पंचवटीतल्या घरी न्हाण्याच्या आदल्या रात्री लोखंडी कढईत शेंगा भिजायच्या. आठ-दहा शिकेकाई मोडून, तीन-चार रिठे फोडून (आतली काळी बी काढून; ती आम्ही पोरं खेळायला पळवायचो) आणि मूठभर आवळकाठी. सकाळी त्याच पाण्याला मंद आचेवर उकळी आणायची. कोमट झालं की आजी हात घालून शेंगा कुस्करायची. पाणी तपकिरी, मग जवळजवळ काळं व्हायचं आणि कडेला बारीक फेस धरायचा. जुन्या मलमलच्या पंच्यातून ते गाळलं की चोथा बाजूला आणि पातळ काढा तांब्यात. एवढंच डोक्यावर जायचं. चोथ्याचा कण केसांत राहिला तर तो धुऊन निघत नाही, कारण तो पाण्यात विरघळतच नाही. भांगात दिसते ती हीच भुकटी, आणि गुंता होतो तोही बऱ्याच अंशी तिच्यामुळेच.

पाण्यात उतरतं ते सॅपोनिन. या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. तेलाचा थेंब तो वेढतो आणि पाण्याबरोबर वाहून नेतो. साबणाचं आणि शांपूचंही तत्त्व हेच. फक्त सॅपोनिनचा जोर कमी असतो. रिठ्यात सॅपोनिन भरपूर, म्हणूनच संस्कृतात त्याला ‘फेनिल’ असंही नाव आहे. शिकेकाईत ते त्या मानाने बेताचं, पण तिचा काढा किंचित आम्लधर्मी असतो. केसाच्या बाहेरच्या अंगावर माशाच्या खवल्यांसारखे थर असतात. आम्लात ते मिटून बसतात, म्हणून केस मऊ लागतो. अंगाच्या साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थात ते उघडतात आणि केस एकमेकांत अडकतात.

रिठ्याचं काम पाहायचं असेल तर नाशिकच्या माणसाने सराफ बाजारात जावं. काळवंडलेले पैंजण कारागीर रिठ्याच्या पाण्यात टाकतो, मऊ ब्रशने घासतो आणि चांदी उजळते. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांनाही रिठा चालतो, कारण तो धाग्याला जपतो. रेशीम, लोकर आणि आपला केस ही तिन्ही प्रथिनंच. तरीही नुसत्या रिठ्याने केस धुऊ नयेत. कोरडे पडतात. शिकेकाईच्या निम्म्याहूनही कमी रिठा पुरे.

आता चिकटपणाचं. ताईंनी लिहिलंय की त्या रात्री तेलाने डोकं थबथबवतात. इतकं तेल शिकेकाईला आवरत नाही. चमचा-दीड चमचा तेल पुष्कळ झालं, तेही न्हाण्याआधी तासभर. जास्त लागलंच तर आधी बेसन किंवा मुगाचं पीठ ताकात कालवून मुळांना लावावं. पीठ तेल शोषून घेतं. पण मग कढत पाणी घेऊ नका. पीठ शिजतं, त्याची खळ होते आणि ती काढता काढता नाकी नऊ येतात. कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवणं मुळीच नको, कारण कोंड्याशी संबंधित बुरशी त्वचेवरच्या तेलकट पदार्थांवरच पोसते.

पाण्याचाही दोष असतो. धरणातून येणारं नळाचं पाणी त्या मानाने हलकं, पण नव्या वसाहतींत उन्हाळ्यात बोअर आणि टँकर सुरू होतात. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साका करतं. सॅपोनिनचा असा साका होत नाही, ही शिकेकाईची मोठी जमेची बाजू. मात्र क्षार केसांवर बसतातच. शेवटच्या तांब्याला अर्ध्या लिंबाचा रस पिळावा, किंवा निदान शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्यावेत. पाण्यात लोह असेल तर शिकेकाई-आवळ्यातल्या टॅनिनशी ते काळं होतं. आजीच्या कढईत तेच होत होतं. पांढरा टॉवेल वापरू नका.

खाण्याचा सोडा मात्र केसांना लावू नका. मोबाईलवर फिरणाऱ्या घरगुती उपायांत तो हटकून असतो. तो अल्कधर्मी आहे. पहिल्या धुण्याला केस स्वच्छ, सुळसुळीत वाटतात आणि पुढे तुटायला लागतात. ‘पंधरा दिवस त्रास होतो, मग डोकं तेल कमी सोडतं’ हेही खरं धरून चालू नका. त्वचेतलं तेल मुख्यतः संप्रेरकांच्या हुकमाने पाझरतं, तुम्ही कशाने धुता त्यानुसार नाही. महिनाभर काढा नीट वापरूनही केस चिकट राहिले, तर साधा सौम्य शांपू लावण्यात काही कमीपणा नाही.

शिकेकाई घेताना शक्यतो अख्खी शेंग घ्या. भद्रकालीकडच्या काष्ठौषधींच्या दुकानांत विचारा. सह्याद्रीच्या रानात वाढणारी ही बाभळीच्या कुळातली काटेरी वेल आहे. शेंग तपकिरी, सुरकुतलेली, मोडताना कडक वाजणारी असावी. तयार भुकटीत काय काय मिसळलंय ते डोळ्यांना कळत नाही. घरी कुटायची असेल तर नाकातोंडाला ओला रुमाल बांधा. शिकेकाईची धूळ शिंकांनी हैराण करते, आणि दम्याच्या माणसाने त्या वेळी घरात थांबूच नये. काढा डोळ्यांत गेला तर झोंबतो. लहान मुलांचं डोकं मागे कलवून धुवा. उरलेला काढा फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. पुढे तो आंबतो.

एक शेवटची गोष्ट, जी नाशिककरांसाठी महत्त्वाची आहे. निसर्गातलं म्हणजे निरुपद्रवी, असं समजून काही जण शिकेकाई-रिठ्याने थेट गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, डोकं धुतात. सॅपोनिन नदीत कालांतराने विघटित होतं हे खरं, पण त्याआधी ते माशांच्या कल्ल्यांना घातक ठरतं. सॅपोनिन असलेल्या वनस्पती कुटून पाण्यात टाकायच्या आणि मासे गुंगवून धरायचे, ही पद्धत जगभर चालत आली आहे. सिंहस्थ कुंभमेळ्यातही हे लक्षात ठेवा. घाटावर शांपूच्या पुड्या नकोत, तसं शिकेकाईचं पाणीही नको. डोकं घरच्या न्हाणीघरात धुवा, आणि गोदावरीत फक्त डुबकी घ्या.