ओळखीच्या माणसाची पहिली हेरकथा

ओळखीच्या माणसाची पहिली हेरकथा वाचताना वाचकाचे लक्ष दोन ठिकाणी असते: कथानकात आणि लेखकात. ही सवय त्याचीच, हा प्रसंग खराच घडलेला, इथे मात्र तिखटमीठ लावले, असा ताळा मनात चालू राहतो. इयान फ्लेमिंगच्या ‘कॅसिनो रॉयल’ला असा वाचक मिळाला तो विल्यम प्लोमर. कवी आणि कादंबरीकार असलेला हा जुना मित्र लंडनच्या जोनाथन केप या प्रकाशनसंस्थेसाठी हस्तलिखिते वाचत असे. दुसऱ्या महायुद्धात फ्लेमिंगप्रमाणे त्यानेही नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात काम केले होते.

१९५२ च्या सुरुवातीला, लग्न तोंडावर आलेले असताना, फ्लेमिंगने जमैकातल्या ‘गोल्डनआय’ या घरी कादंबरी लिहून काढली. पण ती कोणाला दाखवायला तो बुजत होता. एकदा जेवताना त्याने प्लोमरला विचारले, बाई सिगारेटचा धूर बाहेर सोडते हे लिहायचे कसे? असला प्रश्न लिहिणाऱ्यालाच पडतो. प्लोमरने गुपित ताडले आणि हस्तलिखित मागून घेतले.

ओळखीच्यांना कळणारी गंमत जुगाराच्या प्रसंगात आहे. १९४१ मध्ये फ्लेमिंग आपले वरिष्ठ जॉन गॉडफ्री यांच्यासोबत पोर्तुगालमधल्या एस्तोरिलच्या कॅसिनोत गेला होता. समोरचे खेळाडू जर्मन आहेत अशी कल्पना करून तो खेळला आणि हरला. ते बहुधा पोर्तुगीजच होते. कादंबरीत जेम्स बाँड बॅकराच्या पटावर सोव्हिएतांचा हस्तक ल शिफ्र याला धुऊन काढतो. नायकाचे नावही उसने, वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका अमेरिकन अभ्यासकाचे.

ओळखीत भीड आडवी येते, हे खरे. पण प्लोमरला पुस्तकात छापण्याजोगे गुण दिसले होते. स्वतः प्रकाशक जोनाथन केप मात्र फारसे उत्सुक नव्हते. फ्लेमिंगचा थोरला भाऊ पीटर हा त्यांचा नावाजलेला लेखक, त्याच्या शब्दाला तिथे वजन होते, म्हणून पुस्तक स्वीकारले गेले. कादंबरीकार सॉमरसेट मॉम यांनी तर पत्रातून कौतुक केले, मात्र ते जाहिरातीत वापरायला साफ नकार दिला. कौतुक खरे असूनही खासगीच राहावे, असे त्यांना वाटले असावे.

१३ एप्रिल १९५३ रोजी पुस्तक आले. पहिल्या आवृत्तीच्या ४,७२८ प्रती महिनाभरात संपल्या. अमेरिकेत मॅकमिलनने ते १९५४ मध्ये काढले, तेव्हा खप बेताचाच झाला. पुढे तिथल्या स्वस्त आवृत्तीसाठी नावच बदलावे लागले.