नवा लॅपटॉप घरी आला, आता पुढे?

दोस्तांनो, खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची आणि अवजारांची पूजा होते. सुताराचा रंधा, शिंप्याचं मशिन, रिक्षा, सायकल... आणि आता त्यांच्या रांगेत लॅपटॉपही बसतो! छान आहे. पण एक सांगू? कुंकवाचं बोट कीबोर्डवर लावू नका बरं का! हळदकुंकू आणि अक्षता बटणांच्या फटीतून आत जातात आणि मग बाहेर निघता निघत नाहीत. बोट खोक्याला लावा, झेंडूचं फूल मिटलेल्या झाकणावर ठेवा आणि नारळ मात्र दूर अंगणात फोडा.

पूजा कशासाठी करायची? ज्या अवजारावर आपलं काम चालतं, त्याची वर्षभर नीट निगा राखू, हे स्वतःला सांगण्यासाठी. लॅपटॉप आणायला आई-बाबांनी बरेच महिने पैसे बाजूला टाकलेले असतात. तो दोन वर्षांत खोळंबला तर पुन्हा लगेच नवा कुठून आणणार? म्हणून आज आपण त्याची निगा कशी राखायची ते पाहू.

दुरुस्तीच्या दुकानातली गोष्ट

त्याआधी आपल्या पुण्यातलीच एक खरी गोष्ट ऐका. कैलास काटकर दहावीपर्यंत शिकले आणि कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. यंत्र उघडायचं, बिघाड शोधायचा, पुन्हा जोडायचं, असं करता करता ते संगणकही दुरुस्त करू लागले. १९९३ साली त्यांनी ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ सुरू केली. दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक संगणकांचा एकही भाग मोडलेला नसे. मग बिघाड कुठे असे? आत व्हायरस शिरलेला असे!

त्या काळी व्हायरस फ्लॉपीमधून पसरत. ‘मायकेलअँजेलो’ नावाचा एक व्हायरस तर वर्षभर गुपचूप झोपून राही आणि ६ मार्चला जागा होऊन संगणकातली माहिती पुसून टाकी! कैलास यांचा धाकटा भाऊ संजय तेव्हा संगणकशास्त्र शिकत होता. त्याने हे व्हायरस शोधून काढून टाकणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यातूनच ‘क्विक हील’ हे नाव पुढे आलं आणि २००७ साली कंपनीनेही तेच नाव घेतलं.

यातून आपण काय घ्यायचं? यंत्र कशाने आजारी पडतं, हे ज्याला कळतं त्यालाच ते सांभाळता येतं. लॅपटॉपचे शत्रू तसे मोजकेच आहेत : उष्णता, पाणी, धूळ, बेभरवशाची वीज आणि आपली स्वतःची घाई.

पहिला तास

खोकं उघडण्याआधीच बिल जपून ठेवा. लॅपटॉपच्या तळाशी छापलेल्या अनुक्रमांकाचा फोटो काढा. वॉरंटीसाठी आणि चोरी झाल्यास तक्रारीसाठी तोच लागतो. मग प्रत्येक बटण दाबून पाहा, कॅमेरा, आवाज आणि चार्जिंग तपासा. पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र लावा आणि काळा ठिपका दिसतो का ते बघा. काही दोष असेल तर पहिल्या आठवड्यातच दुकानदाराला सांगितलेलं बरं. तोपर्यंत खोकं रद्दीत देऊ नका!

आता वीज. पुष्कळ चार्जरना तीन पिनांचा प्लग असतो. त्यातली जाड आणि लांब पिन अर्थिंगची. पेठांमधल्या जुन्या घरांत अजून कुठे कुठे दोन भोकांचे सॉकेट सापडतात. तिथे मधला अॅडॉप्टर लावून काम भागवायचा मोह होतो. पण अर्थिंग नसेल तर लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं. असं झालं तर लगेच मोठ्यांना सांगा आणि वायरमनकडून सॉकेट नीट करून घ्या. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की चार्जरचा प्लग सरळ काढून टाका. लॅपटॉप बॅटरीवर चालेल, काळजी नको.

पहिल्यांदा सुरू केल्यावर तो एकामागून एक प्रश्न विचारतो. ‘पुढे, पुढे’ करत सुटू नका. आई किंवा बाबांना शेजारी बसवा. मुख्य खातं त्यांच्या नावाचं आणि तुमचं खातं वेगळं, साधं. असं का? नवा प्रोग्रॅम घालायला मुख्य खात्याचा पासवर्ड लागतो. फसवा प्रोग्रॅम चुकून दाबला गेला तरी तो बहुतेक वेळा तिथेच अडतो.

पासवर्डमध्ये जन्मतारीख नको, कुत्र्याचं नावही नको. एकमेकांशी काही संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडा. म्हणजे पिठलं, कंदील, सिंहगड, चष्मा असे. (हेच नका घेऊ, आता ते सगळ्यांना कळले!)

मग अपडेट करा. लॅपटॉप दुकानात पडून असताना जे दोष सापडले, त्यांची दुरुस्ती त्यात असते. चार्जर लावा, चालू करा आणि खुशाल खेळायला जा. मध्येच बंद मात्र करू नका. विंडोजमध्ये व्हायरसचा एक पहारेकरी आधीपासूनच असतो. वेगळा आणायचा असेल तर एकच आणा. दोन पहारेकरी एकाच दारात उभे राहिले की एकमेकांनाच अडवतात. आणि ‘फुकटातला’ चोरटा गेम? आजचा व्हायरस बऱ्याचदा त्याच्याच पोटातून येतो.

मांडीवर नको, टेबलावर

लॅपटॉप म्हणजे मांडीवरचा संगणक. पण नावावर जाऊ नका! १९८१ साली आलेला ‘ऑसबोर्न १’ हा उचलून नेता येणारा संगणक जवळजवळ ११ किलोचा होता. मांडीवर घेतला असता तर काय झालं असतं? आताचे दीड-दोन किलोचे आहेत, तरी त्यांना गादी, उशी आणि मांडी सोसत नाही. बहुतेकांच्या तळाशी जाळी असते. तिथून गार हवा आत जाते आणि पंखा गरम हवा बाहेर फेकतो. गादीवर ठेवलं की जाळीचं तोंड बंद! आपण नाक दाबून पळत सुटलो तर जसं होईल, तसंच त्याचं होतं. अभ्यासाचं टेबल नसेल तर पाट किंवा चौरंग चालेल.

बॅटरीचं म्हणाल तर ती लिथियम-आयन जातीची असते. या बॅटऱ्या १९९१ पासून बाजारात आल्या आणि त्या घडवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ‘नवी बॅटरी आधी आठ तास चार्ज करा’ हा सल्ला जुन्या जातीच्या बॅटऱ्यांचा. हिला त्याची गरज नाही. हिला नकोसं वाटतं ते रोज अगदी शून्यावर जाणं आणि सारखं काठोकाठ भरलेलं राहणं. साधारण २० ते ८० टक्क्यांमध्ये ती खूश असते. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती शोधून काढा पाहू! आणि एप्रिल-मेच्या उन्हात बंद मोटारीत लॅपटॉप ठेवून जाऊ नका. बॅटरी फुगून तळ उचलल्यासारखा दिसला, तर चार्जर काढा, वापर थांबवा आणि तो दुरुस्तीला द्या. फुगलेली बॅटरी टोचायची-दाबायची नसते.

चहा सांडला तर?

पहिली गोष्ट, लपवू नका. आधी चार्जर काढा, मग सुरू करायचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा, म्हणजे तो बंद होईल. बाहेरचं पुसा. लॅपटॉप तंबूसारखा उलटा उभा करा, पाणी खाली ओघळू द्या आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. ‘चालतो का बघू’ म्हणून सुरू करून पाहणं हीच सगळ्यात महाग चूक. ओल्या भागातून वीज गेली की ते कायमचे जळतात. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचाही उपयोग नाही, उलट तांदळाची पूड आत जाते.

आई-बाबांनो, त्या वेळी पहिली पाच मिनिटं कृपा करून रागावू नका. रागाच्या भीतीने मूल सांडलेलं पुसून गप्प बसतं आणि वाचला असता तो लॅपटॉप जातो. नेटवरच्या फसवणुकीचंही तसंच आहे. अनोळखी दुवा दाबला गेला आणि पैसे गेले, तर १९३० हा सायबर मदतीचा क्रमांक लगेच फिरवायचा असतो. तोही मुलांनी वेळेवर सांगितलं तरच!

दुसरी प्रत कुठे आहे?

१२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला धरणं फुटली आणि नदीकाठच्या पेठांमधली घरं पाण्याखाली गेली. भांड्यांबरोबर कागदपत्रं आणि फोटोही गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने पुन्हा तेच दाखवलं. भांडी नवी आणता येतात. आजीच्या लग्नाचा एकुलता एक फोटो कसा आणणार?

लॅपटॉपमधल्या फोटोंचं आणि प्रकल्पाचंही असंच आहे. तीन प्रती ठेवा : एक लॅपटॉपमध्ये, एक पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात किंवा मामाकडे. लॅपटॉप दुरुस्त होतो, पुसली गेलेली माहिती पुष्कळदा परत येत नाही.

आता त्याला मराठी शिकवा

लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी निवडा आणि ‘इनस्क्रिप्ट’ कीबोर्ड घ्या. भारतीय लिप्यांसाठी ही मांडणी १९८६ मध्ये ठरली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. संगणकाला भारतीय लिप्या शिकवण्याचं मोठं काम पुण्यातच, १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅकमध्ये झालं. हो, तीच संस्था, जिने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक बांधला!

या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला येतात. करून पाहा : एच, जी, मग शिफ्ट धरून सी, शेवटी एस. काय उमटलं? पुणे!

रविवारची दहा मिनिटं

• लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. मऊ, कोरड्या सुती कापडाने पडदा हलक्या हाताने पुसा. फवारा थेट पडद्यावर मारू नका.
• कीबोर्ड उलटा धरून हलकेच झटका. पोहे-चिवड्याचे कण पडतील! (हे खाणं तिथे कसं आलं, ते ज्याचं त्याला ठाऊक.)
• जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढा.
• झाकण लावण्याआधी आत पेन किंवा इअरफोन राहिला नाही ना, ते पाहा. पडदे असेच फुटतात.
• उचलताना दोन्ही हातांनी, तळाला धरून. पडद्याला धरून नाही.
• शेवटी आठवड्याच्या नव्या फायलींची दुसरी प्रत काढा.

हे सगळं एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. घरात दोन भावंडं असाल तर पाळी लावून घ्या. लॅपटॉप दोघांचा असेल, तर रविवारची दहा मिनिटंही दोघांची!